जयंतकाकांची हलकी बंदूक

जयंत पेंढारकरांवर मी लिहावं हा खरं तर आगाऊपणा आहे. नागोयाच्या आमच्या मराठी मंडळात त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं ओळखणारी, त्यांच्याबरोबर एका ऑफिसात बसलेली आणि शुद्ध लिहू शकणारी माणसं आहेत. आमच्या इचलकरंजीच्या घरात शाळेच्या निबंधापलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही. वडील सुताला खळ लावायच्या सायझिंग कारखान्यात कामाला आहेत, आई शिवणकाम करते, आणि कॉलेजात गेलेला मी पहिलाच. इथे शिष्यवृत्तीवर एम.टेक. करतो, संध्याकाळी एका कोंबिनीत, म्हणजे रात्रंदिवस उघड्या दुकानात, काउंटरवर उभा राहतो. तेव्हा जे चुकेल ते मोठ्या मनाने सोडून द्यावं. मंडळाच्या अंकासाठी त्यांच्या पत्नी शुभाकाकूंनीच फोन केला. त्या म्हणाल्या, "त्यांच्यावर सगळे चांगलंच लिहितील रे. तू लिही. तू सगळ्यात जास्त चिडायचास."

ते खरं आहे. काकांना जाऊन आता काही महिने झाले, आणि अजूनही त्यांची आठवण आली की आधी चीड येते, बाकीचं मागाहून.

त्यांची पहिली भेट गणपतीतली. मी जपानात नवीन होतो, भाड्याच्या हॉलमध्ये पानं वाढायला लावलं होतं. तिथे रेशमी झब्बा घातलेले पन्नाशीपुढचे एक गृहस्थ जेवणाच्या टेबलाशी उकिडवे बसले होते, आणि टेबलावर तळहात टेकवून डोळे मिटून काहीतरी ऐकत होते. मला वाटलं, यांना चक्कर आली.

"काका, पाणी आणू का?"

"हात काढ टेबलावरचा," ते म्हणाले. मी दचकून काढला. मग त्यांनी आमटीच्या पातेल्याकडे बोट दाखवलं. आमटीवर बारीक वर्तुळं उठत होती. "वरच्या मजल्यावर कुणीतरी नाचतंय. ते आमटीला कळलं, तुला नाही कळलं. इंजिनिअर ना तू?"

मग त्यांनी कागदी रुमालाची घडी करून टेबलाच्या पायाखाली सारली, पुन्हा हात टेकवला आणि ते वाक्य म्हणाले, जे पुढे मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणू शकेन. "थरथर मरत नसते, बाळ. ती फक्त जागा बदलते. कुठे पाठवायची ते आपण ठरवायचं."

मागून शुभाकाकूंचा आवाज आला, "अहो, आरती खोळंबलीय. गणपतीच्या पाटाखालीही रुमाल घालणार आहात का?"

ते एका मोटार कंपनीत होते. गाडी पळताना चालकाच्या हाताला जी थरथर जाणवते, ती कमी करणं हेच त्यांचं काम. पण काम पाचला संपवून घरी येणाऱ्यांतले ते नव्हते. भुयारी रेल्वेत दांडीला हात लावून ते सांगायचे, की या डब्याचं पुढचं चाक झिजलंय. लोकांच्या घरी गेले की आधी कपाट हलवून बघायचे. त्यांची मुलगी इरा इथेच वाढलेली. मराठीत विचारलं तर जपानीत उत्तर देणारी. ती त्यांना बाहेर जाताना बजावायची, "बाबा, सावान्नाइदे!" हात नका लावू.

याच हौसेतून ते नेमबाजीत शिरले. हे नीट सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायचा. जपानात खरी बंदूक बाळगणं महाकठीण. पण प्लॅस्टिकचे छोटे गोळे हवेच्या दाबाने उडवणाऱ्या खेळण्यातल्या बंदुका इथे सर्रास मिळतात, आणि त्यांच्यावर मोठी माणसं जिवापाड मेहनत करतात. आमचा क्लब गिफूच्या बाजूच्या डोंगरउतारावर भरतो. परदेशात खऱ्या रायफलींची जी स्पर्धा चालते, तिची ही धाकटी बहीण. जमिनीवर आडवं पडून आरामात नेम धरायचा नाही. शिडी, ट्रकचा टायर, उतरतं पत्र्याचं छप्पर, पिंप, असल्या वेड्यावाकड्या आडोशांवर बंदूक टेकवायची, लांबच्या लोखंडी चकत्या वाजवायच्या आणि शिटी व्हायच्या आत पुढच्या आडोशाकडे पळायचं. बंदूक आणि आडोसा यांच्यामध्ये एक छोटी पिशवी ठेवतात, उशीसारखी. तिला काका टेकण म्हणायचे. "बंदूक चुकत नाही, टेकण चुकतं," हे त्यांचं दुसरं वाक्य.

मला त्यांनी ओढून नेलं. मला परवडणारी गोष्ट नव्हती, पण त्यांनी स्वतःची जुनी बंदूक हातात दिली आणि म्हणाले, "तुझा श्वास चांगला आहे. गरिबांचा श्वास चांगला असतो, उगाच धापा टाकत नाहीत." असलं बोलणं ऐकून राग यावा की हसावं हे मला कधीच ठरवता आलं नाही.

तेव्हा क्लबात सगळ्यांच्या बंदुका साध्या होत्या. त्या जड करायचं खूळ आणलं ते काकांनीच. लाकडी दस्ता काढून त्यांनी ॲल्युमिनियमचा सांगाडा बसवला, त्याला पितळी पट्ट्या लावल्या, पुढे शिशाचा ठोकळा टांगला. मग जाडजूड ट्रायपॉड आला. मग दुर्बिणीवर अंतर आणि वारा दाखवणारा छोटा पडदा आला. बंदूक इतकी जड झाली, की पिंपावर ठेवली की आपोआप तिथेच बसायची, माणसाने फक्त बोट हलवायचं. काका रविवारमागून रविवार पहिले यायला लागले.

"वजन म्हणजे शिस्त," ते म्हणायचे. "तुझा हात हलणारच. हत्तीच्या पाठीवर बसलास तर हत्ती हलेल का?"

मग सगळा क्लब हत्ती पाळायला लागला. प्रमुख मोरी-सान, एरवी शांत, भातशेती करणारा माणूस. तेसुद्धा एका रविवारी बंदुकीला नांगराचा फाळ बांधून आले. मीसुद्धा कोंबिनीच्या जादा पाळ्या केल्या आणि अखेर एक धातूचा सांगाडा घेतला. तो घरी आला त्या दिवशी मी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. ती म्हणाली, "एवढं जड? कशाला रं?" मी काकांचं हत्तीचं वाक्य सांगितलं.

आणि मग त्या जून महिन्यात एका रविवारी काका मैदानावर आले ते एक काटकुळी बंदूक घेऊन. पितळ गेलं, शिसं गेलं, ट्रायपॉड गेला. पातळ लाकडाचा दस्ता, त्यालाही भोकं पाडलेली.

मी म्हटलं, "काका, हे काय?"

"वजन म्हणजे आळस," ते म्हणाले.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"जड बंदूक नेमबाजाला झोपवते. नोव्हेंबरच्या जोडीच्या मॅचला सगळं सामान स्वतः उचलून डोंगर चढायचाय. हत्ती घेऊन कोण चढणार? हलकं व्हायचं, सागर. तुझा तो सांगाडा विकून टाक."

"मागच्या महिन्यात तुम्हीच घ्यायला लावलात!"

"मागच्या महिन्यात मला अक्कल कमी होती. या महिन्यात वाढली. तू का मागे राहतोस?"

नोव्हेंबरच्या मॅचबद्दल सांगायला हवं. वर्षातून एकदा जोड्यांची मोठी स्पर्धा होते, आणि तिथल्या वरच्या काही जोड्यांना अखिल जपान फायनलचं बोलावणं येतं. काकांचं इथलं पोस्टिंग मार्चमध्ये संपणार होतं, मग पुणे. हा खेळ पुण्यात नाही. तेव्हा ही त्यांची शेवटची संधी, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ते लपवतही नव्हते. "मला एकदा त्या फायनलच्या मैदानावर उभं राहायचंय," त्यांनी मला गाडीत सांगितलं होतं. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या थरथरू दिल्या नाहीत. एकदा स्वतःसाठी काहीतरी स्थिर धरावं म्हणतो." हे ऐकूनच तर मी त्यांच्या जोडीला तयार झालो होतो. आणि आता चार-पाच महिने राहिले असताना हे.

क्लबातल्या लोकांनी जपानी पद्धतीने विरोध केला, म्हणजे कुणी काही बोललं नाही, सगळे फक्त "नारुहोदो" म्हणत मान हलवत राहिले, अस्सं होय, अस्सं होय. मोरी-सान मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "सागर-सान, जयंतो-सानना बरं नाही का? आधी त्यांनी आम्हाला खड्ड्यात नेलं, आता स्वतः वर निघून जातायत."

मी इचलकरंजीच्या पद्धतीने विरोध केला, म्हणजे भांडलो. काही उपयोग झाला नाही. मी माझा सांगाडा विकला. हलक्या बंदुकीने आमचे गुण धाडकन खाली आले. चकतीच्या डावीकडे, उजवीकडे, वर, सगळीकडे गोळे जायचे, फक्त चकतीवर नाही. काका म्हणायचे, "उत्तम. आता कळतंय, तुझी थरथर किती आहे ते. इतके दिवस शिसं लपवत होतं."

आणि डोंगर चढताना त्यांची नवी तऱ्हा सुरू झाली. दर थोड्या चढावर ते थांबायचे, गवताची काडी उंच धरायचे आणि वारा बघायचे. मी खांद्यावर सामान घेऊन उभा. "चला ना काका, वारा वरही आहे."

"वाऱ्याला घाई नसते," ते म्हणायचे आणि आणखी थोडा वेळ काडीकडे बघत बसायचे.

हलक्या बंदुकीने सगळा भार टेकणावर टाकला. तेव्हा काकांनी टेकणाचा ध्यास घेतला. बाजारात प्लॅस्टिकचे मणी भरलेल्या पिशव्या मिळतात, बहुतेक लोक त्याच वापरतात. काकांना त्या चालेनात. "मणी आपापसात बोलतात," म्हणे. वाळू जड. जपानी उशांत भरतात ती बकव्हीटची टरफलं त्यांनी आणली, तर त्यांचा चुरा झाला. मग ते स्वयंपाकघरात शिरले. तांदूळ झाले, मूग झाले, राजगिरा झाला. एका शनिवारी मी त्यांच्या घरी गेलो तर शुभाकाकू ओट्याशी हताश उभ्या होत्या.

"नवरात्राचा साबुदाणा होता रे तो. योकोहामाहून मागवलेला. आता देवीला काय सांगू, नेमबाजीला गेला म्हणून?"

आतून काका उत्साहाने बाहेर आले. हातात शिवलेली कॅनव्हासची पिशवी. "सागर, दाब. बघ. गोल, एकसारखा, हलका, आणि दाबला की जागा धरतो. वाळूचा समजूतदारपणा आणि मण्यांचा हलकेपणा. आपल्या बायकांना उपासात जे कळलं ते या लोकांना अजून कळलं नाही!"

"आम्हाला ते खायचं असतं एवढंच कळलं," काकू म्हणाल्या.

सांगायला मला जड जातंय, पण साबुदाणा चालला. शिडीच्या पायरीवर ती पिशवी अशी बसायची जशी काही तिथेच उगवली. आमचे गुण चढायला लागले. ऑक्टोबरअखेर आम्ही हलक्या बंदुका घेऊन जडवाल्यांच्या बरोबरीला आलो. मोरी-सान येऊन पिशवी दाबून गेले. "आत काय आहे?" त्यांनी विचारलं. "धर्म," काका म्हणाले. मला त्याचं जपानीत भाषांतर करायला लावलं. मी केलं नाही.

मॅचच्या दिवशी पावसाचा अंदाज होता. सकाळी गाडीतच मी म्हटलं, "काका, टेकण भिजलं तर? मी कचऱ्याच्या दोन पिशव्या आणल्यात, त्यात घालू."

"प्लॅस्टिक घातलं की ते पत्र्यावर घसरणार. अजिबात नाही."

"पण साबुदाणा भिजेल."

त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "सागरराव, साबुदाणा रात्रभर भिजवावा लागतो. तुझ्या आईला विचार. मॅच दुपारी संपते."

मी आईला विचारलं नाही. विचारायला हवं होतं असंही म्हणत नाही, कारण आईनं काही सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं.

पाऊस लवकरच सुरू झाला. बारीक, न थांबणारा. जडवाल्यांची दैना उडाली. चिखलात हत्ती घेऊन चढताना माणसं घसरत होती, एका जोडीने आपला ट्रायपॉड वाटेतच सोडून दिला. आम्ही हलकेच वर गेलो, अर्थात गवताच्या काड्या बघत बघत. शेवटच्या टप्प्याआधी फळ्यावर आमचं नाव इतकं वर होतं, की शेवटच्या चकत्यांपैकी एखादी सुटली असती तरी बोलावणं येणार होतं. काकांनी माझ्या खांद्यावर तळहात टेकवला, टेबलावर टेकवायचे तसा. "थरथरतोयस," ते म्हणाले.

"थंडीनं," मी म्हटलं.

शेवटचा टप्पा होता छप्पर, शिडी, पिंप. आधी मी. तिन्ही ठिकाणच्या चकत्या मी पाडल्या. पिशवी हाताला जरा वेगळी लागली, पण मी घाईत होतो. मग काका छपरावर पालथे झाले. पहिली वाजली. दुसरी वाजली. मग शिडीकडे जायला त्यांनी बंदूक उचलली तर बंदुकीला खालून पिशवी चिकटून आली.

त्यांनी ती ओढून सोडवली, शिडीवर ठेवली. ती बसेना. तिचा गोळा झाला होता. बंदूक एका बाजूला कलली, कॅनव्हासच्या शिवणीतून पांढरं चिकट काहीतरी दस्त्यावर उतरलं. काकांनी तशीच गोळी मारली, गेली बाजूने. दुसरी मारली, गेली. पिशवी फेकून हातावर बंदूक धरली. एक वाजली. मग पिंप. तिथे ते उभे राहिले आणि मी पाहिलं, की ते लगेच नेम धरू शकत नव्हते, छाती वरखाली होत होती. मी ओरडलो, "काका, मारा ना!" शिटी झाली.

निकाल लागला तेव्हा आम्ही बोलावण्याच्या रेषेच्या लगेच खाली होतो. एका चकतीने.

मोरी-सान पंच होते. ते जवळ आले, त्यांनी पिशवीला बोट लावलं, बोटाला तार सुटली. त्यांनी वास घेतला आणि अतिशय आदराने विचारलं, "जयंतो-सान, ही मोची आहे का?" मोची म्हणजे भाताचा चिकट लाडू. आजूबाजूची माणसं हसू दाबत होती. काका हसले नाहीत. पावसात उभं राहून ते बोटाने दस्त्यावरची खळ खरवडत राहिले, बराच वेळ, जणू ती निघाली की निकाल बदलेल.

परतताना गाडी मी चालवली. वाटेत कोंबिनीशी थांबलो, गरम कॉफी घेतली. ते म्हणाले, "हलकी बंदूक चुकली नाही, हे लक्षात ठेव."

इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. मी म्हटलं, "काका, कचऱ्याची एक पिशवी, बाकी काही नको होतं. जूनमध्ये नीट चाललेलं सगळं तुम्ही मोडलंत, कशासाठी? जड बंदुकीने आपण फायनलला सहज गेलो असतो."

"गेलो असतो," ते म्हणाले. "तू गेला असतास." आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मार्चमध्ये ते पुण्याला गेले. निरोपाच्या जेवणात त्यांनी हॉलचं एक टेबल सरळ केलं. पुढच्या मोसमात गंमत अशी झाली, की आयोजकांनी नवा गट काढला. सामानाच्या शर्यतीमुळे नवे लोक येईनासे झाले होते, म्हणून बंदुकीच्या वजनाला मर्यादा, ट्रायपॉड नाही, पिशवी एकच. मी त्या गटात उतरलो, काकांची भोकांची बंदूक घेऊन, जी ते जाताना माझ्याकडे टाकून गेले होते. आणि फायनलला पोचलो. काकांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "अभिनंदन नंतर. टेकणात काय भरलं होतंस?"

मी लिहिलं, "प्लॅस्टिकचे मणी."

त्यांनी लिहिलं, "छे."

आमचं ते शेवटचं बोलणं. उन्हाळ्यात मंडळाच्या ग्रुपवर बातमी आली, की जयंत पेंढारकर पुण्यात सकाळी चहा पिता पिता गेले.

हे सगळं लिहून झालं आणि मी इराला फोन केला. ती आता योकोहामात नोकरी करते. अंकासाठी काकांचा एखादा फोटो हवा होता. म्हटलं, हलक्या बंदुकीबरोबरचा असेल तर बरं, ती त्यांची सगळ्यात लाडकी.

ती जपानीत काहीतरी बोलली, मग मोडक्या मराठीत म्हणाली, "लाडकी नव्हती, सागरदादा. बाबांना ती अजिबात आवडायची नाही. जडच आवडायची."

"मग ती केली कशाला?"

"डॉक्टर म्हणाले ना, जूनमध्ये. हार्ट. वजन उचलायचं नाही, चढायचं नाही. तुला माहीत नव्हतं? बाबा कंपनीच्या नाही, बाहेरच्या डॉक्टरकडे गेले होते. कंपनीला कळलं असतं तर लगेच इंडियाला पाठवलं असतं. आई खूप रडली, जाऊ या म्हणाली. बाबा म्हणाले, नोव्हेंबरपर्यंत कुणाला सांगायचं नाही. त्या मुलाबरोबर माझी मॅच आहे."